टिटवीची मागची सीट

“माझ्या मनात तुमच्याशिवाय दुसरं कुणी नाही,” असं वहिनी अगदी हळुवार आवाजात म्हणाल्या आणि पाठोपाठ एक घोगरा पुरुषी आवाज गरजला, “मग काढा म्हणावं मोडीत!”

वहिनींनी डोक्यावरची दुलई भिरकावली, कपाटाचं दार लाथेनं उघडलं आणि त्या बाहेर आल्या. कपाट कपड्यांचं होतं. वहिनी त्यात बसून पुस्तकं वाचत. हौस म्हणून नव्हे, तो त्यांचा धंदा होता. एक कंपनी त्यांच्याकडून कादंबऱ्या मोठ्यानं वाचून घ्यायची आणि लोक त्या कानात बोंडं घालून ऐकायचे. टांगलेल्या कोटांमध्ये आवाज घुमत नाही, म्हणून कपाट. कोटांमध्ये आवाज घुमत नसला तरी बाहेरचा आत येतोच, आणि रविवारी सकाळी त्या घरात बाहेरचा आवाज म्हणजे काय असायचा ते आता सांगतो.

वहिनींच्या यजमानांचं चष्म्यांचं दुकान होतं. सगळे त्यांना चष्मेवाले म्हणत. रविवारी दुकान बंद, त्यामुळे त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी दोन मित्र येऊन बसत. एक दंतवैद्य, दुसरे भूगोलाचे निवृत्त मास्तर. तिघांना लढाऊ विमानांचं वेड होतं, आणि वेड म्हणजे ठार वेड. त्यातही विमान निवृत्त झालं की त्याचं पुढे काय होतं, हा त्यांचा खास विषय. एखादं विमान बागेत ठेवतात आणि पोरं त्याच्या पंखावरून घसरगुंडी करतात. एखादं तंत्रशाळेत जातं, तिथली मुलं दरवर्षी ते उघडतात आणि दरवर्षी जास्त बिघडवून मिटतात. एखाद्यावर तर नव्या विमानांकडून नेमबाजीचा सराव करून घेतात. यातल्या प्रत्येक गोष्टीचा तिघांना भयंकर संताप यायचा. रागावण्यासाठीच जमायचे म्हणा ना. मास्तरांना साधं शिडीवर चढलं तरी गरगरायचं, पण कुठल्या विमानाला किती उंचीवर दम लागतो यावरून ते माणसाची गचांडी धरायला कमी करत नसत.

“अहो, झालं का तुमचं?” वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. दुलईमुळे केस पिंजारले होते. “तिसऱ्यांदा वाचतेय मी ते वाक्य! तिकडे ती बिचारी प्रेमाची कबुली देतेय आणि इकडे तुम्ही तिला मोडीत काढताय!”

“तिला नाही वहिनी,” मास्तर म्हणाले, “चौकातल्या विमानाला. साबणाची जाहिरात रंगवलीय त्याच्या पोटावर. साबणाची! त्यापेक्षा मोडीत काढलेलं बरं.”

“मागचं प्रकरण कंपनीनं परत पाठवलंय. नायिका रडतेय आणि मागून कुणीतरी म्हणतंय, ‘शेपूट आधी तुटली.’ कोण म्हणालं ते?”

दंतवैद्यांनी छताकडे पाहिलं.

“आता आणखी एक तक्रार आली तर पुस्तक दुसऱ्या बाईला देणार आहेत ते. आणि पुस्तक गेलं म्हणजे काम गेलं. कळतंय का काही?”

“अगं, पण गॅरेज देतोय ना तुला,” चष्मेवाले समजुतीच्या सुरात म्हणाले. “बुधवारी सुतार येतोय. भिंतींना फळ्या, फळ्यांवर गादी, दाराला रबर. मग बस की निवांत.”

हे खरं होतं. गाडी विकल्यापासून गॅरेज रिकामं पडलं होतं, आणि बऱ्याच वर्षांच्या भांडणानंतर ते वहिनींना मिळायचं ठरलं होतं. स्वतःची एक खोली, दार लावलं की बंद होणारी. कपाटात गुडघे पोटाशी घेऊन बसताना वहिनी त्या खोलीचाच विचार करत. त्या पुटपुटत आत गेल्या. दोन वाक्यं नीट झाली असतील नसतील, तोच दंतवैद्यांचा फोन वाजला आणि तिघं एकदम ओरडले. या वेळी मात्र ते आनंदानं ओरडले होते, आणि तेच जास्त वाईट होतं.

गावाबाहेरच्या भंगारवाल्याकडे एका विमानाचा पुढचा भाग आला होता. नुसतं नाक आणि कॉकपिट, बाकीचं कापून गेलेलं. त्यानं दंतवैद्यांना फोटो पाठवला. मागच्या अर्ध्या भागावर ताडपत्री होती, पण ते लांब, किंचित वाकडं नाक तिघांनी एका नजरेत ओळखलं. ती टिटवी होती. उडताना टिटवीसारखी कर्कश ओरडायची म्हणून वैमानिकांनी तिला ते नाव ठेवलेलं. तिघांच्याही मनात बसलेलं हे एकच विमान. बाकी कशावरही त्यांचं एकमत झालेलं कुणी पाहिलं नव्हतं.

“उद्या दुपारी कापणार म्हणतोय,” दंतवैद्य म्हणाले.

“कापणार? टिटवीला? त्याचे हात कापीन मी!” मास्तर उभे राहिले.

“पण आणून ठेवायची कुठे? मी तिसऱ्या मजल्यावर राहतो.”

“माझी सून मलाच ठेवून घेतेय ते खूप आहे.”

दोघांनी चष्मेवाल्यांकडे पाहिलं. चष्मेवाल्यांनी गॅरेजच्या दिशेला पाहिलं. मग कपाटाच्या दिशेला पाहिलं, पण फार वेळ नाही.

“थोड्या दिवसांसाठी,” ते हलक्या आवाजात म्हणाले.

आता कुणीही शहाणा माणूस अशा वेळी टेप घेऊन गॅरेज मोजेल आणि दुसऱ्या टोकाला जाऊन ती वस्तू मोजेल. या तिघांनी गॅरेज मोजलं. टिटवी मोजायची गरजच नव्हती, कारण मास्तरांनी पुस्तक उघडलं. पुस्तकात आकृती होती आणि आकृतीत नाकावरच्या नळीच्या टोकापासून काचेच्या मागच्या कडेपर्यंतची लांबी बोटाच्या पेराएवढ्या फरकानंही चुकणार नाही इतकी नेमकी दिलेली होती. ती गॅरेजात बसून वर माणूस फिरायला जागा उरत होती.

“भंगारवाल्याला विचारू का, किती लांब आहे ते?” चष्मेवाल्यांनी विचारलं.

“भंगारवाल्याला?” मास्तर कडाडले. “तो काय सांगणार टिटवीबद्दल मला?”

सोमवारी वहिनी बाजारात गेल्या असताना चष्मेवाल्यांनी गॅरेज मोकळं केलं. रंगाचे डबे, जुनी सायकल, मोडका पंखा, तुटक्या खुर्च्या, सगळं घरात आणलं. घरात एवढं सामान मावेल अशी मोकळी जागा एकच होती. कोटांच्या खाली.

दुपारी क्रेनचा ट्रक आला आणि गल्ली बंद झाली. समोरच्या वकिलांची गाडी आत अडकली. ते फाटकाशी येऊन ओरडू लागले की त्यांना कोर्टात जायचंय, हा रस्ता सार्वजनिक आहे आणि ते सगळ्यांना बघून घेतील. लाकडी ओंडक्यांवरून टिटवी नाकाकडून गॅरेजात सरकू लागली. दंतवैद्य म्हणत, “अजून, अजून!” मास्तर म्हणत, “बस, बस!” चष्मेवाले कुणाचंच न ऐकता “हळू, हळू!” म्हणत होते. ट्रकवाला आधी तिघांचं ऐकत होता, मग त्यानं ऐकणं सोडून दिलं.

नाक भिंतीला टेकायला आलं तरी टिटवीचा मागचा भाग अजून गल्लीत होता.

“असं होऊच शकत नाही!” मास्तर पुस्तक नाचवत म्हणाले.

“मग गॅरेज आखडलं असेल!” वकील ओरडले. “दार लावा आणि ट्रक हलवा, नाहीतर पोलिसांना बोलावतो!”

ट्रकवाल्यानं वैतागून शेवटचा एक रेटा दिला. काहीतरी खळ्ळकन फुटलं, टिटवी हातभर पुढे गेली आणि दार खाली आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ट्रक निघून गेला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून किंकाळी ऐकू आली.

गॅरेज आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक भिंत होती आणि त्या भिंतीत मोरीच्या वर एक छोटी खिडकी. वहिनी नुकत्याच बाजारातून मागच्या दारानं येऊन मोरीपाशी हात धूत होत्या. खिडकीची काच फुटून एक लांबलचक, टोकदार लोखंडी नळी आत आली होती आणि त्यांच्या नाकापासून वीतभर अंतरावर येऊन थांबली होती.

चष्मेवाले धावत आले.

“हे काय आहे?” वहिनींनी विचारलं. आवाज फार शांत होता. त्यांच्या घरातला माणूस अशा वेळी पळून जातो, पण चष्मेवाले आनंदाच्या भरात होते.

“वेग मोजायची नळी गं. समोरून येणारी हवा हिच्यात शिरते आणि मग—”

“समोरून येणारी हवा आता माझ्या तोंडून येणार आहे. मोजा म्हणावं तिला.”

नंतर वहिनी जे बोलल्या त्यातलं बरंचसं इथे लिहिण्यासारखं नाही. गॅरेज, सुतार, शब्द दिला होता, शब्दाला काही किंमत, हे सगळं त्यात होतं. बोलता बोलता त्यांनी ओलं फडकं पिळलं आणि नळीवर वाळत घातलं. दंतवैद्य दारातून कळवळून म्हणाले, “वहिनी, तिथे फडकं नका हो घालू! उपकरण आहे ते!”

“मग उपकरणाला सांगा, लोकांच्या स्वयंपाकघरात नाक खुपसू नये!”

तेवढ्यात गॅरेजमधून मास्तरांची हाक आली. हाक कसली, हंबरडाच. सगळे तिकडे धावले, वहिनीसुद्धा. मास्तरांनी ताडपत्री काढली होती. काचेखाली एक सीट होती, आणि तिच्यामागे आणखी एक.

“दोन सीटा,” मास्तर म्हणाले आणि रंगाचा एक डबा मागे राहिला होता त्यावर मटकन बसले. “ही शिकाऊ आहे.”

“शिकाऊ म्हणजे?” वहिनींनी विचारलं.

“म्हणजे खरी टिटवी एका माणसाची. ही नवशिक्यांसाठी. पुढे शिकणारा, मागे शिकवणारा. म्हणून ही एका सीटनं लांब!”

“म्हणजे माझी खिडकी त्या सीटनं फोडली तर.”

वहिनींचं ऐकायला कुणाला वेळ नव्हता. “तुम्ही फोटो पाहिलात ना?” मास्तर दंतवैद्यांवर खेकसले. “तुम्ही पुस्तक पाहिलंत ना?” दंतवैद्य त्यांच्यावर उलटले. “दुसऱ्याच्या दातातली कीड दिसते तुम्हाला आणि आख्खी सीट दिसत नाही?” मास्तर गरजले. “आणि तुम्ही हो चष्मेवाले, लोकांना चष्मे विकता, स्वतः एखादा वापरा की!” रागाच्या भरात मास्तरांनी टिटवीच्या पोटावर थाप मारली. “कसली लढाऊ! हिनं जन्मात एक गोळी झाडलेली नाही.”

“मग केलं काय तिनं?” वहिनींनी विचारलं.

“काय करणार? पोरांना शिकवलं! वर्षानुवर्षं त्याच त्याच पोरकट चुका सहन करत शिकवलं, दुसरं काय!”

“आणि तुम्ही मास्तर? तुम्ही कुठल्या लढाया मारल्यात?”

मास्तरांचा चेहरा आधी लाल आणि मग पांढरा झाला. त्यांनी पुस्तक काखेत मारलं आणि कुणाकडे न बघता ते निघून गेले. थोड्या वेळानं दंतवैद्यही गेले. जाताना ते म्हणाले की शिकाऊ विमानाशी त्यांचा काही संबंध नाही आणि तिचं काय करायचं ते ज्याच्या घरात आहे त्यानं बघावं. भंगारवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, “एकदा गेलेला माल परत नाही.”

बुधवारी सुतार आला. त्यानं गॅरेजचं दार वर केलं, टिटवीकडे पाहिलं, चष्मेवाल्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, “आधी तुमचं ठरवा, मग मला बोलवा.” गुरुवारी कंपनीचा फोन आला. उद्या संध्याकाळपर्यंत दोन प्रकरणं स्वच्छ मिळाली नाहीत तर पुस्तक दुसऱ्या बाईकडे जाईल, आणि पुढचीही. बोलणारी बाई गोड आवाजात बोलत होती, त्यामुळे वहिनींना आणखी राग आला.

त्यांनी दुलई, पुस्तक आणि रेकॉर्डर घेतला आणि कपाट उघडलं. आतून मोडका पंखा अंगावर आला. पंख्यामागे सायकल होती. न्हाणीघरात नळ ठिबकत होता. झोपायच्या खोलीची खिडकी गल्लीकडे होती आणि गल्लीत वकील सोमवारी अडकलेल्या गाडीवरून कुणाशी तरी तावातावानं बोलत होते. आणि गॅरेजातून, हो, पुन्हा गॅरेजातून, तिघांचा आवाज येत होता. मास्तर आपलं एक पुस्तक राहिलं म्हणून आले होते. दंतवैद्य मास्तर आले का बघायला आले होते. आता टिटवी घ्यायची कल्पना मुळात कुणाची, यावर तिघं एकमेकांच्या अंगावर धावून जात होते.

वहिनी हातातल्या सामानासकट गॅरेजात शिरल्या.

“निघा!” त्या म्हणाल्या. “तिघंही निघा! माझी खोली घेतलीत, माझं कपाट भरलंत, आता माझं कामही घालवणार तुम्ही. या माणसाशी संसार करून केस पांढरे झाले माझे. कुठल्या विमानाची शेपूट कधी तुटली ते पाठ आहे त्याला. मी वाचलेलं एक पुस्तक ऐकलंय का त्यानं? एक? लोक मला पत्रं लिहितात, आणि घरातल्या माणसाला माहीत नाही मी काय वाचते!”

चष्मेवाले बायकोकडे वळले. पण दंतवैद्यांनी, ही त्यांची खोडच होती, मधेच मास्तरांना म्हटलं, “ऐका! तुमच्यामुळे हे ऐकावं लागतंय,” आणि मास्तर भडकले आणि पुन्हा सुरू झालं.

वहिनींना घरात बसायला जागा उरली नव्हती आणि उभं राहायचं त्राण नव्हतं. टिटवीला शिडी लावलेली होती. त्या शिडी चढल्या, पहिली सीट ओलांडून मागच्या सीटवर जाऊन बसल्या आणि हात वर करून काचेचं झाकण खाली ओढलं.

झाकणाच्या कडेला जाड रबर होतं. फुस्स झालं आणि सगळं थांबलं.

म्हणजे बाहेर चाललंच होतं. मास्तरांची दाढी हलत होती, दंतवैद्य बोट नाचवत होते, चष्मेवाले दोघांच्या मध्ये हात पसरून उभे होते. आवाज मात्र नव्हता. मत्स्यालयातले मासे भांडतात तसे तिघं भांडत होते. वहिनी थोडा वेळ बघत राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना हे तिघं बरे वाटले. मग त्यांनी दुलई डोक्यावरून काचेपर्यंत पसरली, पुस्तक उघडलं आणि वाचायला सुरुवात केली.

बाहेर हे लक्षात यायला वेळ लागला. आधी चष्मेवाल्यांना दिसलं. त्यांनी झाकणाची बाहेरची कडी ओढली, ती हलेना. मास्तर म्हणाले डावीकडे फिरवा. दंतवैद्य म्हणाले तसं खऱ्या टिटवीचं, शिकाऊची उलटी असणार. मग आत हवा किती असेल यावर जुंपली. लांबी गुणिले रुंदी करताना मास्तरांना लांबीचा आकडा लागला आणि त्यांनी सवयीनं पुस्तक उघडलं. चष्मेवाल्यांनी ते पुस्तक त्यांच्या हातातून हिसकावून घेतलं आणि गॅरेजच्या कोपऱ्यात भिरकावलं.

“माझी बायको आहे आत!” ते ओरडले. एवढ्या वर्षांत मित्रांवर ते असे पहिल्यांदा ओरडले होते. त्यांनी काचेवर दोन्ही मुठी आपटल्या. दुलईचा कोपरा उचलला गेला, वहिनींचा चेहरा दिसला, त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, एक जळजळीत कटाक्ष टाकला आणि कोपरा खाली सोडला. तिघं काचेबाहेर चिडीचूप उभे राहिले. प्रकरण संपलं तेव्हा वहिनींनी आतला खटका दाबून झाकण उघडलं, मोकळा श्वास घेतला, पाणी मागवलं आणि पुन्हा बंद करून घेतलं.

शनिवारी कंपनीतली गोड आवाजाची बाई म्हणाली, “इतकं स्वच्छ रेकॉर्डिंग! कुठला स्टुडिओ घेतलात? तोच ठेवा बाई.”

सुतार परत आला तो फक्त खिडकी नीट करायला आणि शिडीला कठडा बसवायला. टिटवीचा आता कायमचा स्टुडिओ झाला हे मास्तर आणि दंतवैद्यांना कळलं तेव्हा लढाऊ विमानाची ही अवस्था पाहून त्यांना चांगलाच राग आला. पण ती शिकाऊ आहे हे तेच ओरडून सांगत सुटले होते, त्यामुळे आता तोंड उघडायची सोय नव्हती. रविवारची बैठक मास्तरांकडे हलली. मास्तरांची सून काय म्हणाली ते मला ठाऊक नाही, विचारायची हिंमतही नाही.

चष्मेवाले त्या बैठकीला गेले नाहीत. ते शिडीच्या पायथ्याशी घुटमळत राहिले.

“पुढची सीट रिकामी आहे,” शेवटी ते म्हणाले. “मी बसू? एक शब्द बोलणार नाही.”

वहिनींनी त्यांच्याकडे रागानं पाहिलं. “बूट काढा. खुर्चीचा आवाज करायचा नाही. खोकायचं नाही. आणि विमानाबद्दल एक अक्षर काढलंत तर बाहेर.”

झाकण बंद झालं. वहिनी वाचू लागल्या. प्रकरण एका म्हाताऱ्या बाईचं होतं. घर विकलं गेलेलं, नवीन मालक दारात उभा, आणि ती किल्ली त्याच्या हातात द्यायच्या आधी एकदा सगळ्या खोल्यांमधून फिरून येते. बाकी काहीच घडत नाही. वहिनींना मागून नवऱ्याचं नुसतं डोकं दिसत होतं. आधी ते इकडेतिकडे वळत होतं, डायलच्या रिकाम्या भोकांत डोकावत होतं. मग एका जागी स्थिर झालं. मग थोडं खाली वाकलं.

म्हाताऱ्या बाईनं किल्ली दिली. वहिनींनी शेवटची ओळ वाचली आणि पुस्तक मिटलं. प्रकरणानंतर थोडी शांतता ठेवायची असते, कंपनीचा तसा नियम आहे. त्या शांततेत पुढच्या सीटवरून स्पष्ट, ओला आवाज आला.

“नाक ओढलंत तुम्ही!” वहिनी कडाडल्या.

“नाही गं.”

“ओढलंत! शेवटच्या ओळीवर! सगळं वाया गेलं माझं! आता हे सगळं मला परत पहिल्यापासून वाचावं लागणार, कळतंय का?”

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि मागे न बघता पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“वाच,” ते म्हणाले. “पहिल्यापासूनच वाच.”